एव्हर्ली चिखलीकर

"रानडुक्कर," पद्मजा म्हणाली.

हॉस्पिटलच्या खोलीत देवांगचा चमचा लाल जेलीत तसाच उभा राहिला. पलंगावर त्याची बायको रीमा उशांना टेकून बसली होती, तिच्या कुशीत कालच जन्मलेली मुलगी होती, आणि त्या मुलीच्या सख्ख्या आत्याने तिच्याकडे बघून उच्चारलेला पहिला शब्द हा असा होता.

"ताई?" देवांग म्हणाला.

"एव्हर्ली. इंग्लंडातल्या गावाचं नाव. गावावरून आडनाव झालं, आडनावावरून पोरींचं नाव झालं. जुन्या इंग्रजीत नावाचा पहिला तुकडा म्हणजे रानडुक्कर, दुसरा म्हणजे रानातली मोकळी जागा." तिने फोन भावाच्या नाकासमोर धरला. "सगळ्या साइट बघितल्या. सगळीकडे डुकरं आहेत."

"पण नाव जागेचं आहे ना? डुकराचं नाही."

"जागा कुणासाठी मोकळी आहे?"

देवांगने जेली खाल्ली. उत्तर सुचलं नाही की तो लहानपणापासून काहीतरी खात असे. त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत त्याचं वजन वाढायचं.

"ताई, इट साउंड्स लाइक फॉरेव्हर," रीमा हळूच म्हणाली. "मला ते आवडलं. सॉफ्ट आहे."

"सॉफ्ट आहेच. प्रश्न आवाजाचा नाही गं," पद्मजा म्हणाली. "पण हे ठरलं कधी?"

"सकाळी ती बाई आली होती, बर्थ सर्टिफिकेटवाली," देवांग म्हणाला. "नाव सांगा म्हणाली. सांगितलं."

"नाव आत्या ठेवते."

"तूच ठेवणार आहेस. बारशाला, कानात. आम्ही सांगू ते."

पद्मजाने आणलेला डिंकाच्या लाडवांचा डबा खिडकीत ठेवला. झाकण घट्ट होतं, तरी तिने ते पुन्हा दाबून बसवलं.

पद्मजा चिखलीकर नागपूरहून डब्लिनला आली तेव्हा तिने तिशीही ओलांडली नव्हती. डब्लिन म्हणजे ओहायोतलं. खरं डब्लिन आयर्लंडमध्ये आहे, हे तिने आईला इतक्यांदा समजावलं होतं की आई शेजारणींना आजही 'लेक आयर्लंडला असते' असंच सांगायची. एका विमा कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांनी केलेल्या कामातली चूक शोधायची, ती नम्र शब्दांत लिहून कळवायची, आणि मग 'ही चूक नाही, हे असंच करायचं होतं' असं उत्तर वाचायचं, हे तिचं काम. घरातही साधारण हेच काम तिच्याकडे होतं.

देवांगला एमएससाठी तिनेच बोलावून घेतलं. तो तिच्यामागून आला, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत जन्मलेल्या रीमाशी त्याने लग्न केलं, आणि त्याचं ग्रीन कार्ड तिच्याआधी झालं. पद्मजा अजून रांगेत होती. लग्न राहून गेलं. ते कुणी मुद्दाम टाळलं असं नाही. रांगेत उभं असलं की माणूस 'आपला नंबर लागू दे, मग बघू' म्हणतो, तसं झालं.

पण आत्यापण तिचं पक्कं होतं. चिखलीकरांच्या घरात बायकांना विचारून काही करायची पद्धत नव्हती. जमीन विकताना विचारलं नाही, लग्नं ठरवताना विचारलं नाही. मात्र बारशाला आत्या पाळण्यापाशी वाकली की तेवढ्यापुरतं सगळं घर गप्प बसायचं. ती जे नाव घेईल ते नाव. पद्मजाचं नाव तिच्या आत्याने ठेवलं होतं, देवांगचंही. आजोबांच्या मनात त्याचं नाव तुकाराम ठेवायचं होतं. आत्या वाकली, 'देवांग' म्हणाली, आणि आजोबा पेढा खाऊन बाहेर जाऊन बसले. घराण्यात आजोबांचं न ऐकल्याची ती एकमेव नोंद होती.

पद्मजाकडे नाव तयार होतं. पूर्णा. बुलढाण्याच्या चिखलीहून आत्याकडे जाताना वाटेत लागायची ती नदी. एसटीतून दिसायची. पात्र भलंथोरलं, पाणी कडेला थोडंसं. रीमाला दिवस गेल्याचं कळल्यापासून पद्मजा त्या नावाबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. नाव आधी फोडायचं नसतं. ते कानातच पहिल्यांदा सांगायचं असतं. ह्या रीतीचा अमेरिकेत एवढाच उपयोग झाला, की बर्थ सर्टिफिकेटवाली बाई तिच्याआधी पोचली.

पहिला आधार तिने आईकडे शोधला. नागपूरच्या घरातून आईचा व्हिडिओ कॉल आला, म्हणजे आईचं कपाळ आणि वरचा पंखा आला.

"एवरली," आईचं कपाळ म्हणालं. "गोड आहे की वं."

"आई, त्याचा अर्थ रानडुकरांचं रान."

"असू दे. तुझ्या मामेबहिणीच्या नातवाचं नाव कायरो ठेवलंय. त्याचा तर अर्थ पण नाही."

"कैरो. ते इजिप्तमधलं शहर आहे."

"मंग? तिथं काय डुकरं नसतील?"

पद्मजाने डोळे मिटले. उघडले तेव्हा आईने गुरुजींना कॉलमध्ये घेतलं होतं. गुरुजींची बैठक पक्की होती, मागे दिव्याची माळ होती आणि त्यांचा कॅमेरा पद्मजाच्या ऑफिसातल्या कॅमेऱ्यांहून बरा होता.

"जन्मवेळ पाहिली," गुरुजी म्हणाले. "कृत्तिका नक्षत्र, चौथा चरण. अक्षर येतं 'ए'. आणि तुम्ही नाव ठेवलंत एव्हर्ली! अहो, लोक आमच्याकडून अक्षर घेऊन जातात आणि त्यावर नाव सापडत नाही म्हणून महिनाभर भांडतात. तुमचं आपसूक जुळलंय. दुर्मीळ योग."

"गुरुजी, त्या नावाचा अर्थ रानडुक्कर आहे."

गुरुजींनी थोडाही वेळ घेतला नाही.

"वराह," ते म्हणाले. "तिसरा अवतार. पृथ्वी बुडत होती, दातावर उचलली. फारच उत्तम."

"बघ!" आईचं कपाळ म्हणालं.

आता ह्यापुढे तक्रार करायची म्हणजे थेट विष्णूची करावी लागली असती. पद्मजाने फोन ठेवला आणि एकटीच बराच वेळ भांडी घासली. भांडी दोनच होती.

दोन दिवसांनी रीमाची आई आली, मॅसॅच्युसेट्सहून, तीन बॅगा आणि एक इलेक्ट्रिक कुकर घेऊन. नंदाकाकू तीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत होत्या आणि कुठल्याच गोष्टीचं आश्चर्य वाटून घ्यायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

"पद्मजा, मी काय म्हणते," त्या बाळंतिणीचा शिरा ढवळता ढवळता म्हणाल्या, "अर्थ कोण बघतं? आम्ही श्रूजबरीत राहतो. श्रूजबरीचा अर्थ काय? मला ठाऊक नाही, काकांना ठाऊक नाही. त्यावाचून घराचा हप्ता थांबला का?"

"काकू, गावाचं वेगळं. गाव काही वर्गात हात वर करून नाव सांगत नाही."

"तू डब्लिनचा अर्थ बघितलास?"

पद्मजाने नव्हता बघितला. इतकी वर्षं ती ज्या गावाचं नाव प्रत्येक पाकिटावर लिहीत आली होती, त्याचा अर्थ तिने त्या शिऱ्याच्या वाफेत उभं राहून बघितला. मग ती तडक गॅरेजमध्ये गेली.

गॅरेजमध्ये देवांग पाळणा जोडत होता. पाळणा पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला होता आणि त्यात मोटर होती. मूल रडलं की तो आपोआप हलायचा आणि 'शूऽऽ' असा आवाज काढायचा, मूल जितकं मोठ्याने रडेल तितका मोठा. मुलाला पट्ट्यात अडकवल्याशिवाय तो चालूच व्हायचा नाही, आणि सगळं फोनवर कळवत राहायचा.

"डब्लिन म्हणजे काय माहीत आहे?" पद्मजाने विचारलं.

"तो लांब स्क्रू दे."

"काळं डबकं."

देवांगने मान वर केली.

"आयरिशमध्ये. काळं डबकं. आणि आपलं आडनाव? चिखलाची म्हणून चिखली, असं आजोबा सांगायचे. चिखलीचे म्हणून चिखलीकर. आता जुळव. तुझी लेक काळ्या डबक्याकाठी राहते, चिखलातली आहे, आणि रानडुकरांच्या मोकळ्या जागी आहे." तिने स्क्रू दिला. "देवांग, हे नाव नाही, हा पत्ता आहे. डुकराचा."

देवांग हसायला लागला. आधी नाकातून, मग सगळाच. पाना खाली ठेवून तो खोक्यावर बसला आणि डोळे पुसत राहिला. पद्मजाही हसली असती, पण तिने स्वतःला आवरलं. वादात आधी हसतो तो हरतो.

"पण ताई, म्हणजे आपण पण तेच ना?" तो म्हणाला. "त्यांनी गावावरून आडनाव केलं, आपण पण गावावरून केलं. ते डुकरांचे, आपण चिखलाचे. शेजारीच झालो."

"आडनाव चिकटतं. नाव ठेवावं लागतं."

"बरं, तुझ्या मनात काय होतं? होतं ना काहीतरी?"

"ते आता सांगून काय उपयोग?"

"सांग यार."

तिने पाळण्याच्या पायाकडे बघत सांगितलं. देवांगने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं.

"नदीचं नाव ना? म्हणजे तू पण जागेवरूनच ठेवणार होतीस."

"नदी आणि डुकरांची जागा सारखी?"

"नाही, सारखी नाही. चांगलं आहे. खरंच चांगलं आहे." तो पुढे काही म्हणणार होता, मग थांबला. "मिडल नेम टाकू का? अजून बदलता येईल बहुतेक."

"मधलं नाव बापाचं असतं. तिथे आधीच तू बसलायस."

हे खरं होतं. मुलीचं मधलं नाव देवांग होतं. अमेरिकेत मुलीला मधलं नाव पुरुषाचं का, हे तिला जन्मभर सांगावं लागणार होतं, त्याबद्दल मात्र घरात कुणाचीच हरकत नव्हती.

"ताई, ऐक. चिडू नकोस," देवांग म्हणाला. "मी रोज माझं नाव सांगतो. फोनवर, कॉफीच्या रांगेत, डॉक्टरकडे. डी फॉर डॉग. गेल्या आठवड्यात कपावर ड्वेन लिहून आलं. मी प्यायलो. ड्वेन आला असता तर त्याला काय प्यायला दिलं असतं कोण जाणे. मला तिला हे नाही द्यायचं."

"नाव सोपं हवं म्हणून काहीही? नावासाठी थोडं भांडावं माणसाने."

"तुझ्या ऑफिसच्या बॅजवर काय लिहिलंय?"

पद्मजाने खाली ठेवलेला पाना उचलला.

"सांग ना."

"तो वेगळा विषय आहे."

"पॅम," देवांग म्हणाला. "इतकी वर्षं पॅम. कुणी ठेवलं ते? कुठल्या आत्याने?"

कुणीच नव्हतं ठेवलं. पहिल्या दिवशी मॅनेजरने विचारलं होतं, तुला पॅम म्हटलं तर चालेल का, आणि ती 'चालेल' म्हणाली होती. पहिल्या दिवशी माणूस सगळ्यालाच चालेल म्हणतो. खुर्ची मोडकी होती, तीही चालेल म्हणाली होती. खुर्ची पुढे बदलली.

गॅरेजच्या दारात रीमा उभी होती. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. ती किती वेळ ऐकत होती कळायला मार्ग नव्हता.

"ताई, कॅन आय से समथिंग?" ती म्हणाली. तिचं मराठी भाजी आणि नात्यांपुरतं होतं, बाकीचं ती इंग्रजीतून वाट काढत बोलायची. "लहानपणी आम्ही ट्रिपला गेलो ना, की प्रत्येक गिफ्ट शॉपमध्ये तो किचेनचा स्टँड असायचा, कीज लावायच्या त्या. नावांचा. मी दर वेळी फिरवून बघायची. रेबेका, रेचल, रॉबिन. रीमा नेव्हर. बाबा म्हणायचे, अगं नेक्स्ट टाइम. आय नो इट्स सिली. पण मी दर वेळी बघायची. माझ्या मुलीचं तिथे असावं."

"किचेनसाठी?" पद्मजा म्हणाली.

"हो," रीमा म्हणाली. "किचेनसाठी."

पद्मजाला ह्यावर बोलायचं पुष्कळ होतं. किचेन हरवतात, हे एक. रीमा हे नाव तिच्याही आत्यानेच ठेवलेलं होतं, हे दुसरं. पण समोर बाळंतीण उभी होती, तिच्या पायांत दोन वेगवेगळे मोजे होते, आणि ती चेष्टेने बोलत नव्हती. लहान मुलीने एक लोखंडी स्टँड फिरवत राहावं आणि त्यावर आपण नसावं, हे पद्मजाला नीट दिसलं. दिसलं याचाच तिला राग आला. समोरच्याचं खरं असलं की वादातली सगळी मजा जाते.

"पाळण्याचा तो पाय उलटा बसवलायस," ती देवांगला म्हणाली आणि घरी गेली.

सोमवारी ऑफिसात तिने नेहमीसारखी कामाला सुरुवात केली. विम्याच्या सॉफ्टवेअरची चाचणी करायची तर खोटे ग्राहक लागतात. प्रत्येक टेस्टरचे आपापले असतात. कुणी हिरोंची नावं देतं, कुणी कुत्र्यांची. पद्मजाची ग्राहक पहिल्यापासून एकच होती. पूर्णा चिखलीकर.

पूर्णा चिखलीकरला तिने असंख्य वेळा जन्माला घातलं होतं. लीप वर्षात, शतकाच्या शेवटच्या दिवशी, आणि एकदा चुकून भविष्यात. पूर्णाच्या गाडीला हरणं धडकली होती. तिच्या घरावर वादळात झाड पडलं होतं, तळघरात पाणी शिरलं होतं. आडनाव बदलल्यावर पॉलिसी नीट चालते का हे बघायला तिची लग्नं लावली होती, आणि मोडल्यावर चालते का हे बघायला मोडलीही होती. पूर्णा कितीतरी वेळा वारली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हप्ता भरायला हजर होती. तक्रार म्हणून तिची कधी नव्हती. तिचं नाव त्या पडद्यावर आजवर कधी चुकलं नाही. डी फॉर डॉग सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी पद्मजाने पूर्णाला फक्त पत्ता बदलून दिला. दावा काही टाकला नाही.

बारसं रविवारी झालं. देवांगच्या बैठकीत फायरप्लेसला झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा होत्या, टीव्हीवर नागपूर होतं, आणि नागपुरात आईने निम्मी बिल्डिंग बोलावलेली होती. इकडे नंदाकाकू, मराठी मंडळातल्या चार-पाच बायका, त्यांचे सोफ्यावर एका ओळीत बसवलेले नवरे, आणि शेजारच्या नर्सबाई. ह्या नर्सबाईंना नंदाकाकूंनी सगळा विधी आदल्या दिवशीच समजावून दिला होता. आत्या वाकते, कानात नाव सांगते, तेव्हा आपण तिच्या पाठीवर थापा मारायच्या. बाईंनी तो फार गंभीरपणे ऐकला होता.

आधी पाळण्यात वरवंटा ठेवतात. त्याला कुंची घालतात, कुंकू लावतात, बाळासारखा पाळण्याखालून एकीने द्यायचा, दुसरीने वरून घ्यायचा, आणि मग बाळ. अख्ख्या डब्लिनमध्ये दगडी वरवंटा पद्मजाकडेच होता. तो तिने पहिल्या वेळी येताना हातातल्या बॅगेतून आणला होता आणि विमानतळावर त्यावर बरीच चर्चा झाली होती. तिने त्याला लाल खणाची कुंची घातली आणि पाळण्यात ठेवला. पाळण्याने पट्टा मागितला. देवांगने वरवंट्याला पट्टा बांधला.

त्याचा फोन वाजला.

"काय म्हणतोय?" नंदाकाकूंनी विचारलं.

"तुमचं बाळ शांत झोपलंय," देवांगने वाचलं. "यू आर डुइंग ग्रेट."

"यंत्राला तरी काही वाटतंय," पद्मजा म्हणाली.

मग वरवंटा काढून मुलीला ठेवलं. तिच्या अंगात सोनेरी काठांचं झबलं होतं आणि ते तिला मुळीच आवडलेलं नव्हतं. पट्टा लागताच तिने तोंड उघडलं आणि जी सुरुवात केली ती थेट वरच्या पट्टीत. पाळणा हलायला लागला. शूऽऽ झालं. ती आणखी रडली, पाळणा आणखी हलला, शूऽऽचं धबधब्यासारखं झालं. टीव्हीवरून आई काहीतरी ओरडत होती, तिचं फक्त तोंड हलताना दिसत होतं. आज पहिल्यांदाच ती कपाळाखालीही दिसत होती.

"आत्या! आत्या, चला!" नंदाकाकू किंचाळल्या.

पद्मजा वाकली.

ह्या आवाजात कुणालाही काही ऐकू जाणार नव्हतं. तिने पंधरा दिवस मनात धरून ठेवलेलं, त्याच्याही कितीतरी आधीपासून ठेवलेलं ते नाव तिच्या ओठांशी होतं. कागदावर काहीही असो, कानात काय गेलं हे फक्त दोघींना ठाऊक राहिलं असतं, आणि त्यातल्या एकीला आठवणार नव्हतं. आत्याचा हक्क म्हणतात तो पुरेपूर होता. विचारायला कुणी येणार नव्हतं.

मुलगी लालबुंद झाली होती. दोन्ही मुठी आवळलेल्या. हिच्या अंगावर आधीच नक्षत्र होतं, वराह होता, चिखल होता, बापाचं मधलं नाव होतं आणि आईचं किचेन होतं. सगळं मिळून सात पौंडांच्या देहावर. आणि पूर्णा? पूर्णावर आजवर हरणं गेली होती, झाडं पडली होती. एवढी वापरलेली वस्तू कोऱ्या पोरीला कशी द्यायची?

पद्मजाने ओठ मुलीच्या कानाला लावले.

"एव्हर्ली," ती म्हणाली. स्पष्ट, नाव असलेल्या कुणालाही हाक मारावी तसं. मग आवाज अजून होताच, म्हणून पुढे म्हणाली, "मी पद्मजा."

आणि पाठीवर थापा सुरू झाल्या. मंडळातल्या बायकांच्या थापा रीतीप्रमाणे, कुर्रर्र करत, हलक्या हाताने. नर्सबाईंची थाप मात्र घशात घास अडकलेल्याला वाचवायची होती. पद्मजा पाळण्यावर आदळता आदळता राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं हे विचारायची कुणाला गरज पडली नाही, कारण थाप सगळ्यांनी बघितली होती.

"शी इज ब्रीदिंग," नर्सबाई समाधानाने म्हणाल्या.

देवांगने पाळणा बंद केला. एकदम शांतता झाली.

"काय नाव ठेवलं वं?" टीव्हीतून आई म्हणाली. "आम्हाला काही ऐकू नाही आलं!"

सगळे पद्मजाकडे बघू लागले. सोफ्यावरचे नवरेसुद्धा. देवांगही बघत होता, आणि त्याच्या हातात खायला काही नव्हतं.

"एव्हर्ली," पद्मजाने सांगितलं. "एव्हर्ली देवांग चिखलीकर."

नागपुरात टाळ्या झाल्या. रीमाने मुलीला उचलून घेतलं आणि जाता जाता पद्मजाच्या दंडावर कपाळ टेकलं, क्षणभरच, मग ती दूध पाजायला आत गेली.

जेवणं झाली. पुरण बाजारचं होतं, ते नंदाकाकूंनी कुणाला सांगितलं नाही आणि सगळ्यांना कळलं. पद्मजा निघाली तेव्हा देवांग तिच्यासोबत गाडीपर्यंत आला. एका हातात उरलेल्या पोळ्यांचा डबा, दुसऱ्या हातात वरवंटा, कुंचीसकट.

"हा विसरत होतीस," तो म्हणाला. त्याने वरवंटा शेजारच्या सीटवर ठेवला आणि दार धरून उभा राहिला. "ताई, कानात काय सांगितलंस गं?"

"सांगितलं ते सांगितलं सगळ्यांसमोर."

"नाही, आधी. आत."

"ते विचारत नसतात," पद्मजा म्हणाली. "दार लाव. थंडी येते."

ती निघाली. गावाने शिल्प म्हणून माणसाएवढी सिमेंटची कणसं उभी केलेलं शेत मागे पडलं. चौकाच्या थोडं आधी गाडी वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग. समोर लाल दिवा लागला होता. शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलं आहे आणि त्याने बेल्ट लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं होतं.

"अगं, दगड आहे तो," पद्मजा म्हणाली.

टिंग, टिंग, टिंग.

वरवंटा उचलून खाली, पायांपाशी ठेवला असता तर भागलं असतं. तिने हात पुढेही केला. लाल कुंची एका बाजूला सरकली होती, कुंकू वाळून थोडं पोपडलं होतं. तिने कुंची सारखी केली. मग गाडी कडेला घेतली, बेल्ट ओढला, वरवंट्यावरून आडवा नेला आणि अडकवला.

टिंगटिंग थांबली.

पुढे राउंडअबाउट होतं. मागे कुणीच नव्हतं. पद्मजाने गाडी अगदी हळू केली आणि वळण संपेपर्यंत एक हात कुंचीवर धरून ठेवला.